बत्तीस सेकंद

२०२३ साली मुंबईत पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या ऑफिसच्या चारपैकी दोन टेलिफोन लाइनी मेल्या. त्यात नवल काही नव्हतं. दर पावसाळ्यात रस्त्याखालच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतं. आधी खरखर, मग मध्येच दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं, मग सगळं शांत. लाइनमन येतो, वायरींच्या जोड्यांचा डीपी बॉक्स उघडतो, ‘जोडी खराब आहे, मोकळी जोडी नाही’ असं सांगतो, चहा पितो आणि जातो. आम्ही दिवाळीपर्यंत दोन लाइनींवर निभावून नेतो.

या खेपेला आतला ईपीएबीएक्सही, म्हणजे ऑफिसातलं छोटं एक्स्चेंजही, गेला. १९९८ साली घेतलेला तो डबा, आठ लाइनी आणि चोवीस एक्स्टेन्शनचा. एक कार्ड जळालं आणि अर्धं ऑफिस एकदम मुकं झालं. दुरुस्तीवाले काका आले. कार्ड बाहेर काढून नाकाशी धरलं, वास घेतला आणि डॉक्टर घरच्यांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं. “ताई, हे कार्ड बनायचं बंद होऊन जमाना झाला. लॅमिंग्टन रोडला कुणाच्या मोडीत सापडलं तर बघतो.” नाही सापडलं.

आम्ही म्हणजे एक पतसंस्था. मुख्य कार्यालय दादर पश्चिमेला, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. शाखा लालबाग, भांडुप, मुलुंड आणि बोरिवलीला. सभासद बरेचसे वयस्कर. कुणी गिरणीतून, कुणी बेस्टमधून निवृत्त झालेले, त्यांच्या बायका, आता कुठे कुठे त्यांची मुलं. या मंडळींना अॅप नको असतं. ‘माझी एफडी कधी मॅच्युअर होते’ हे त्यांना माणसाच्या तोंडून ऐकायचं असतं. त्यामुळे फोन बंद म्हणजे काउंटर बंद. मी मुळात लेखा विभागातली. प्रशासन ‘तेवढं तुम्हीच बघा’ म्हणून गळ्यात पडलेलं, आणि प्रशासनात फोन आले.

संचालक मंडळाच्या सभेत विषय क्रमांक सात: दूरध्वनी यंत्रणा. एक संचालक म्हणाले, “मोबाइल आहेत की सगळ्यांकडे. फोन हवेत कशाला?” माना डोलायला लागल्या होत्या, तेवढ्यात लालबागचे शाखाधिकारी बोलले. त्यांचा स्वतःचा नंबर अर्ध्या लालबागेत फिरत होता. परवाच कुणी तरी रात्री साडेदहाला उठवून आरडीचा हप्ता विचारला होता. हे ऐकून लोक हसले. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. कर्ज विभागातला मुलगा नोकरी सोडून समोरच्या पतपेढीत गेला, तेव्हा त्याच्या मोबाइलवर फोन करणारे कर्जदारही एकेक करत तिकडे गेले. यावर कुणी हसलं नाही. ‘तीन कोटेशन मागवावीत’ असा ठराव झाला, सूचक-अनुमोदकांची नावं लागली, आणि काम माझ्या टेबलावर आलं.

पहिलं कोटेशन नव्या ईपीएबीएक्सचं. डबा नवा, पण त्याला जोडायच्या लाइनी त्याच, पावसात बुडणाऱ्या. तिसरं इतकं स्वस्त होतं की मी दोनदा वाचलं. एका खोक्यात ढीगभर सिमकार्डं घालायची आणि ‘अनलिमिटेड’ बोलायचं. परवाना कुणाचा, असं विचारल्यावर तो गृहस्थ म्हणाला, “मॅडम, सगळे वापरतात.” सिमबॉक्सवर चालणारी बेकायदा एक्स्चेंजं पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तशी बातमी स्वतःच्या संस्थेबद्दल वाचायची माझी तयारी नव्हती.

दुसरं कोटेशन इंटरनेटवरच्या फोनचं. टेबलावर फोन असणारच, पण तो टेलिफोनच्या वायरीला नाही, कॉम्प्युटरच्या नेटवर्कला जोडलेला. एक्स्चेंज आमच्या भिंतीवर नाही, दूरच्या डेटा सेंटरमध्ये. पाचही ठिकाणं मिळून एकच एक्स्चेंज. दादरहून बोरिवलीला बोलायचं तर तीन आकडे दाबायचे. बाहेरचे कॉल परवाना असलेल्या ऑपरेटरच्या सिप ट्रंकवरून, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनींवरून, रीतसर ०२२ चा नंबर घेऊन. हे मला पटलं. मग मी एक प्रश्न विचारला, खरं तर तो सगळ्यात आधी विचारायला हवा होता. “आमचा नंबर तोच राहील ना?”

राहणार नव्हता.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती सोय नाही. नंबर ज्याचा त्याचाच. आता आमचा बोर्ड नंबर, म्हणजे मुख्य नंबर, १९८० च्या दशकातला, ‘ओवायटी’ (ओन युअर टेलिफोन) योजनेत आगाऊ पैसे भरून मिळवलेला. पासबुकावर तो, ठेव पावतीवर तो, दरवाजावरच्या पाटीवर तो. मुंबईतल्या सात आकडी नंबरांपुढे २ लागून ते आठ आकडी झाले, तेव्हा आम्ही चौघी जणी कोऱ्या पासबुकांचे गठ्ठे घेऊन प्रत्येकावर पेनाने २ लिहीत बसलो होतो. या वेळी २ लिहून भागणार नव्हतं. शेवटी ठरलं असं: जुन्यांपैकी एक लाइन, बोर्ड नंबराची, ठेवायची. तिच्यावर येणारा कॉल टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधूनच नव्या नंबराकडे वळवायचा. वळवलेल्या प्रत्येक कॉलचे पैसे आपल्याला लागतात, हे मी सभेपुढे मुद्दाम लेखी ठेवलं. पुढे कुणी विचारायला नको.

मग लाइनींची मोजणी. दुसऱ्या कोटेशनवाल्या व्हेंडरकडे काम करणारा मुलगा आला, पंचविशीतला, पाठीला सॅक. आमच्या जिन्याखाली भिंतीवर लाकडी फळी होती. तिच्यावर वायरी जोडायचा टॅग ब्लॉक, त्यातून निघालेल्या वायरींचं जंजाळ आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेली वही. वहीत २००६ पर्यंतच्या नोंदी एका सुरेख अक्षरात, पुढची पानं कोरी. अक्षरवाले गृहस्थ त्या साली निवृत्त झाले असणार. मुलगा टेस्टिंगचा फोन एकेका जोडीला लावत गेला आणि मी नव्या कागदावर लिहीत गेले. लाइन एक, बोर्ड. लाइन दोन, फॅक्स. फॅक्स मशीन केव्हाच माळ्यावर गेलं होतं. लाइन तीन, अध्यक्षांची केबिन. लाइन चारला डायल टोन उत्तम, पण ती एकाही फोनवर वाजेना.

बिल दर महिन्याला येत होतं आणि मी स्वतः ते पास करत होते. मुलाने जोडीला टोन सोडणारं यंत्र लावलं आणि दुसऱ्या हातात पेनासारखी कांडी धरून भिंतीजवळून फिरवत निघाला. कांडी जिथे किणकिणेल तिथे वायर. कॅशियरच्या मागून, तिथून कॉरिडॉर, तिथून तिजोरीच्या खोलीत. लोखंडी कपाट चौघांनी सरकवलं. मागे राखाडी रंगाचा एक डबा, त्यावर इंचभर धूळ आणि बारीक लाल दिवा. चालू. चोरीचा अलार्म वाजला तर आपोआप फोन लावणारा डायलर होता तो. चौथी लाइन वर्षानुवर्षं त्याच्या सेवेत होती आणि ऑफिसात एकालाही ते ठाऊक नव्हतं.

तो नेमका कुणाला फोन लावतो, हे पाहायला आम्ही मुद्दाम अलार्म वाजवला. डब्यात तीन नंबर साठवायची जागा होती. पहिला नंबर लागला आणि एका बाईंनी उचलला. तो माहीमचा, आमच्या एका जुन्या सचिवांच्या घरचा. सचिव वारले त्याला बरीच वर्षं झाली. घर भाड्याने दिलेलं, फोन मात्र घराबरोबर राहिलेला. मी नंतर त्याच नंबरावर फोन करून आमची ओळख दिली, तेव्हा बाई म्हणाल्या, “अच्छा, ते तुम्ही होय! येतो अधूनमधून तो आवाज. रात्री-अपरात्रीही येतो. रेकॉर्डिंग आहे कळल्यावर आम्ही ठेवून देतो.” म्हणजे आमच्या तिजोरीच्या खोलीत पाल फिरली की माहीमला एक कुटुंब झोपेतून उठत होतं आणि पुन्हा झोपत होतं. दुसरा नंबर सात आकडी होता, त्यापुढे २ लावायचा राहून गेलेला. तिसरी जागा रिकामी.

हा डबा मी सभेत घेऊन गेले नाही, फक्त त्याची हकीकत सांगितली. त्या दिवसापासून फोनच्या खर्चाबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. डायलर बोर्ड नंबराच्या त्या राखलेल्या लाइनवर घेतला. लाइनवरून येणारे कॉल वळवलेले असले तरी जाणारे जातात, त्यामुळे दोन्ही कामं एका लाइनीत भागली. शिवाय सिमवर चालणारा दुसरा डायलर बसवला.

इंटरनेटबद्दल माझी समजूत अशी होती की स्पीड जास्त घेतला की काम झालं. मुलाने हिशोब करून दाखवला. नेहमीच्या दर्जाच्या एका कॉलला, आवाज आकड्यांत बदलायची जी ७११ ही पद्धत (कोडेक) धरून, एका दिशेला सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात. दहा जण एकदम बोलले तरी एक एमबीपीएसच्या आतच. स्पीडचं दुखणं नसतंच, वेळेचं असतं. आवाजाचे वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास, आणि प्रत्येक तुकडा सुटा प्रवास करतो. ई-मेल दोन सेकंद उशिरा आला तर कुणाला कळत नाही. आवाजाचा तुकडा मागे राहिला तर तो टाकूनच द्यावा लागतो. मंगलाष्टकं संपल्यावर हातात आलेल्या अक्षता, त्यांचं काय करणार?

आणि आमच्याकडे तुकडे मागे राहायची सगळी व्यवस्था होती. एका नेटवर्क स्विचमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, तोही टेबलाखाली पायपुसण्यावर. संध्याकाळी पाचला डेटाचा बॅकअप वर चढायला लागला की सगळं रांगेत. फोन घ्यायच्या आधी आम्ही नवं केबलिंग केलं, फोनला वायरीतूनच वीज देणारा स्विच घेतला, फोनचं नेटवर्क कॉम्प्युटरपासून वेगळं काढलं आणि आवाजाला पहिला मान दिला. खर्चाचा मोठा भाग इथेच गेला. कोटेशनमध्ये हा आकडा सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात होता. माझं ऐकाल तर कोटेशन खालून वर वाचावं.

दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतली, एक गेलं तर दुसरं असावं म्हणून. जोडणीच्या दिवशी गच्चीवर गेले तर दोन्ही केबली शेजारच्या इमारतीवरून एकाच दोरीला लटकून येत होत्या आणि एकाच पाइपातून खाली उतरत होत्या. एक पतंगाचा मांजा दोघींना पुरला असता. एक केबल मागच्या गल्लीतून फिरवून घ्यायला आठवडाभर भांडले.

सगळं ऑगस्टच्या सुरुवातीला तयार झालं. पण त्या वर्षी अधिक श्रावण होता, १६ ऑगस्टपर्यंत, आणि आमचे अध्यक्ष अधिक महिन्यात नवं काही सुरू करत नाहीत. मी वैतागले, पण त्या दोन आठवड्यांत आम्ही नवे फोन आपसात वाजवून पाहिले, बायकांना कॉल ट्रान्स्फर जमायला लागला, ऑपरेटर काकींनी दिव्यांची पाटी आपल्या मनासारखी लावून घेतली. अध्यक्षांना मी मनातल्या मनात वाण दिलं. निज श्रावण लागला आणि २० तारखेच्या रविवारी आम्ही जुना डबा बंद केला.

सोमवारी नागपंचमी. दहा वाजता पहिली तक्रार: मोबाइल लागत नाही. यात चूक बोटांची होती. जुन्या यंत्रणेत बाहेरची लाइन घ्यायला शून्य. त्यात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. म्हणजे आमची माणसं अडीच वर्षं दोन शून्यं दाबत होती, आणि आता एकच हवं होतं. वीस फोनवर चिठ्ठ्या चिकटवल्या. बोटं चिठ्ठ्या वाचत नाहीत. तिसऱ्या दिवशी व्हेंडरने जादा शून्य गिळून टाकणारा नियमच टाकला आणि विषय संपला.

दुसरी गंमत रेकॉर्ड केलेल्या स्वागताची. व्हेंडरने लिहून पाठवलेल्या मजकुरात ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वपूर्ण आहे’ वगैरे होतं. ते खोडून मी लिहिलं, ‘नमस्कार. ठेवींसाठी एक, कर्जासाठी दोन दाबा. नाही तर थांबा, माणूस बोलेल.’ आवाज कर्ज विभागातल्या एकाने दिला, हा दरवर्षी मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन करतो. परिणामी ‘ठेवींसाठी एक’ हे पाककला स्पर्धेचा पहिला क्रमांक जाहीर केल्यासारखं वाजायचं. दोन दिवसांनी त्याच्याकडूनच, बसून, पुन्हा घेतलं.

‘थांबा, माणूस बोलेल’ मात्र मी भांडून ठेवून घेतलं होतं आणि ते किती बरं झालं ते आठवड्याभरात कळलं. प्रभादेवीचे एक आजोबा ऑफिसात येऊन रागावले, “एक दाबतो, काही होत नाही. दोन दाबतो, काही होत नाही. मग ती बाई बोलते.” त्यांच्या घरी फोन जुना, बटणांचाच, पण सेटच्या पोटाला टी आणि पी असा जो बारीक खटका असतो तो पीवर. पल्सवर बटण दाबलं की फक्त टकटक होते, सूर निघत नाही, आणि यंत्राला सूर हवा असतो. आमचा शिपाई त्यांच्या घरी जाऊन नखाने खटका सरकवून आला. आजोबा तरीही थांबतात आणि काकींशीच बोलतात.

आता भांडुप.

मंगळवारपासून तिथली शाखा म्हणत होती, फोन मध्येच कट होतो. व्हेंडरने तपासलं. त्यांचा माणूस दादरहून फोन लावायचा, “हॅलो, आवाज येतोय? स्पष्ट? ओके,” आणि ठेवायचा. टेस्ट ओके. शाखा म्हणे कट होतो, व्हेंडर म्हणे होत नाही. गुरुवारी मी स्वतः भांडुपला गेले आणि काउंटरमागे स्टूल घेऊन बसले. सव्वाअकराला एका आजींचा फोन आला. त्यांना नातीच्या लग्नासाठी एफडी मोडायची होती. मोडली तर व्याज किती जाईल, हा प्रश्न. पण आजी प्रश्नावर यायच्या आधी नात काय शिकली, मुलगा कुठला, हॉल कसा मिळाला, आणि कट. पुन्हा फोन. हॉलपासून पुढे, कट. तिसऱ्या वेळी त्यांनी हॅलोही म्हटलं नाही, “तर ती पावती मार्चमधली,” असं अर्ध्यातूनच उचललं. चौथ्या वेळी आमच्या मुलीने व्याज सांगायला सुरुवात केली तर आजीच ओरडल्या, “नियम नंतर सांग, आधी आकडा सांग, आता जाईल तो!” आकडा मिळाला. कट. आजींनी चार दिवसांत या फोनची रीत ओळखली होती. आम्हाला ती उमगली नव्हती.

परतीच्या लोकलमध्ये त्या शेवटच्या वाक्याचा विचार करत होते. तो कधी जाईल हे आजींना आधीच कसं कळलं? ऑफिसात येऊन भांडुपच्या कॉलचा लॉग उघडला. नव्या यंत्रणेची ही एक सोय मला पहिल्यापासून आवडली होती, प्रत्येक कॉलची नोंद, सेकंदापर्यंत. आलेले कॉल, कालावधीचा रकाना. ११. ३२. ३२. ९. ३२. ३२. ३२. १८. ३२. सतत जमाखर्चात राहणारीला एका रकान्यात सारखा आकडा इतक्यांदा दिसला की ती थांबतेच. एक तर कुणी तरी नक्कल मारलीय, नाही तर कुठे तरी नियम लागू झालाय. बत्तीसच्या वर एकही कॉल नव्हता. गेलेल्या कॉलना काही झालं नव्हतं, फक्त येणाऱ्यांना. पान छापलं, ३२ वर लाल पेनाने गोल केले आणि फोटो व्हेंडरला पाठवला.

या वेळी त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. ‘बत्तीस’ ऐकल्याबरोबर ते म्हणाले, “राउटर कुठला आहे तिथे?” मग त्यांनी जे समजावलं ते मला आवक-जावकच्या भाषेत लगेच कळलं. कॉल आल्यावर आपण उचलतो तेव्हा आपला फोन पलीकडच्या यंत्रणेला ‘उचलला’ असं कळवतो. पलीकडून त्याची पोच यावी लागते. पोच आली नाही तर फोन पुन्हा कळवतो, पुन्हा कळवतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, म्हणजे बरोबर ३२ सेकंद, वाट पाहून ‘पलीकडे कुणी नाही’ असं धरून ठेवून देतो. आवाज तोवर दुसऱ्या वाटेनं व्यवस्थित चालू असतो. त्यामुळे बोलणाऱ्यांना सुगावाच लागत नाही.

पोच हरवत होती ती राउटरमुळे. भांडुपला पैसे वाचवायला इंटरनेटवाल्याचाच राउटर ठेवला होता, आणि त्यात सिप एएलजी नावाची सोय चालू होती. सोय म्हणजे काय, तर वाटेतलं प्रत्येक पाकीट फोडून आतला पत्ता आपल्या मते दुरुस्त करायचा. असा पोस्टमन कुणी मागितला नव्हता. त्याने दुरुस्त केलेल्या पत्त्यावर पोच जात होती, आणि तिथे आमचं कुणी राहत नव्हतं. एका चौकटीतली टिक काढली, राउटर बंद-चालू केला. पाच मिनिटांचं काम, पाच दिवसांचा मनस्ताप. शुक्रवारी दुपारी भांडुपच्या रकान्यात पहिल्यांदा २१४ उमटलं आणि तिथल्या मुलीने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला.

विजेचा धडा ऑक्टोबरमध्ये मिळाला. तांब्याच्या जुन्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधून येते, साधारण ४८ व्होल्ट, त्यामुळे घरची वीज गेली तरी फोन जिवंत. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा आमचा ईपीएबीएक्सही बंद पडला होता. पण त्याच्यात वीज जाताच एक लाइन थेट काकींच्या फोनला जोडणारी सोय होती, आणि काकी दिवसभर एकट्या किल्ला लढवत होत्या. नव्या फोनला असं काही नाही. म्हणून आम्ही स्विच, राउटर सगळं यूपीएसवर घेतलं होतं. मुलुंडला अर्धा तास वीज गेली आणि तरीही फोन मेले. स्विचचे दिवे चालू, राउटरचे चालू. भिंतीवर उंच लावलेली फायबरची पांढरी डबी मात्र साध्या प्लगवर. ती कुणाच्याच यादीत नव्हती. इंटरनेटवाला म्हणे ती तुमची, आम्ही म्हणत होतो ती त्यांची.

एक दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही. थकलेल्या हप्त्यांसाठी आमची माणसं नव्या नंबरावरून फोन करतात. लोक अनोळखी नंबर उचलत नाहीत, आणि दिवसाला चाळीस जणांना एकाच नंबरावरून फोन गेले की नंबर ओळखणाऱ्या अॅपवर कुणी ना कुणी लाल शिक्का मारतंच. वसुलीला एक नंबर आणि बाकी सगळ्याला दुसरा असं केलं, तेव्हा निदान ठेवीदार तरी फोन उचलायला लागले.

पासबुकांचं मात्र मागच्यासारखंच झालं. जुना नंबर छापलेली पासबुकं चार हजार शिल्लक. टाकून देणं जिवावर आलं. म्हणून रबरी शिक्का करून घेतला आणि पुन्हा एकदा चौघी बसलो. गेल्या वार्षिक सभेआधी ‘जुना नंबर बंद करणे’ हा विषय घेतला होता. त्या महिन्यात जुन्या नंबरावरून वळून आलेल्या कॉलची यादी मी पुढे ठेवली, ती सात पानं भरली. विषय तहकूब.

मध्यंतरी काकींनी एक कॉल माझ्याकडे दिला. “माहीमहून कुणी तरी आहेत, तुमचं नाव नाही सांगता येत त्यांना, अलार्मवाल्या बाई हव्यात म्हणतात.” त्याच होत्या, भाडेकरू बाई. म्हणाल्या, “बरेच दिवस झाले, तुमचा तो आवाज आला नाही. म्हटलं सगळं ठीक आहे ना, विचारून घ्यावं.” मी सांगितलं, आता तो आमच्या अध्यक्षांच्या मोबाइलवर जातो. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि मग माहीमच्या पाण्याबद्दल थोडं बोलल्या. फोन ठेवल्यावर सवयीने लॉग पाहिला. जुन्या नंबरावरून आलेला, एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद.